खरं बोलायची खुर्ची

बायका स्वतःच्या खाण्याबद्दल खोटं बोलतात, या एका समजुतीवर मी गोंदियात एकवीस वर्षं वजन कमी करण्याचा वर्ग चालवला. समजूत अगदीच चुकीची नव्हती. पण एका बाईच्या बाबतीत ती चुकली, आणि ती चूक माझ्या अजून अंगावर येते. या अंकासाठी ‘तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा’ असं सांगणं आलं होतं. गमतीदार आहेत, तेही सांगते. पण ही गोष्ट टाळून बाकीचं लिहिलं तर मीच माझ्या वर्गातल्या त्या चिवडा लपवणाऱ्या बायकांसारखी ठरेन.

मी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. गुडघा दुखावला, उन्हात उभं राहणं जमेना, म्हणून नोकरी मुदतीआधीच सोडली. घरी बसून चार महिन्यांत माझंच वजन नऊ किलोंनी वाढलं तेव्हा हादरले. ते उतरवताना जे शिकले ते इतरांना शिकवू लागले. एका समाजभवनाचा हॉल रविवारी सकाळी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळायचा. एक सतरंजी, एक वजनकाटा, एक फळा, आणि पहिल्या दिवशी सहा बायका.

लोक विचारतात, वजन कमी करायचं म्हणजे कमी खायचं आणि जास्त चालायचं, त्यात शिकवायचं काय? बरोबर आहे, तेवढंच असतं. पण एवढं माहीत नाही अशी एकही बाई मला आजवर भेटलेली नाही. माहीत सगळ्यांना असतं, होत कुणाकडून नाही. मुलाच्या ताटात उरलेला भात टाकवत नाही. संध्याकाळी नवऱ्याशी वाजलं की हात डब्यात जातो. म्हणून वर्गाचे तीन भाग: आहार, व्यायाम आणि मनाचा तास. खरं काम या तिसऱ्या भागात. तू का खातेस, कधी खातेस, कुणाच्या रागाने खातेस, हे बाईला बोलतं करायचं. तिला धीर द्यायचा, रविवारपर्यंत पुरेल एवढी उमेद भरून घरी पाठवायची, आणि पुढच्या रविवारी काट्यावर उभी करायची.

चुका पहिल्यापासून केल्या. सुरुवातीला मी भात बंद करा म्हणायचे. धानाच्या जिल्ह्यात! नवेगावकडची एक शेतकरीण उठून उभी राहिली. म्हणाली, “भात सोडा म्हनता, मंग आमी इटियाडोह धरणाच्या पान्यावर काय लावून राहिलो जी बाई? मोगरा?” सगळा हॉल हसला, मीही हसले. तेव्हापासून भाताला वाटीचं माप आलं आणि बंदी उठली.

काट्याच्या तर गमतीच गमती. काट्यावर चढण्यापूर्वी बायका बांगड्या काढतात, पिना काढतात, वेणीतला गजरासुद्धा काढून मैत्रिणीच्या हातात देतात. एक जण श्वास रोखून उभी राहायची, हवेचं वजन येईल म्हणून.

आणि किरणभाभी. एका राईस मिलवाल्या घरची मोठी सून, मनाने राजा, जिभेने तिखट. तिच्या हातातलं पावलं मोजणारं घड्याळ रोज बारा हजार पावलं दाखवायचं आणि वजन जागचं हलायचं नाही. मी हैराण. वही तपासली, थायरॉईड तपासून घ्यायला लावलं, काही सापडेना. मग एका सकाळी तलावाच्या कडेने फिरताना भाभीकडे धुणीभांडी करणारी बाई समोरून आली. मनगटावर तेच सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. मी थांबवलं तर म्हणाली, “भाभीनं सांगतलं, झाडूपोछा झाला का बारा हजार चालून ये.”  आणि ती किती छान बारीक झाली होती! रविवारी मी भाभीला जाब विचारला. तिला ना लाज ना संकोच: “मॅडम, पैर तो चले ना? किसी के भी चले!”

हसून हसून पुरेवाट झाली, पण मनात गाठ बसली. इतकी मोकळी, इतकी प्रेमळ बाई दोन महिने तोंडावर थाप मारते, तर बाकीच्यांचं काय? त्यानंतर प्रत्येक नव्या तुकडीला मी पहिल्याच दिवशी सांगू लागले, “काटा खोटं बोलत नाही, बाई बोलते.” बायका टाळ्या देऊन हसायच्या. प्रत्येकीला वाटायचं, हे शेजारणीबद्दल आहे.

त्याच सुमारास मी नागपूरला प्रेरणा-प्रशिक्षणाच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेले. कडक इस्त्रीच्या कोटातले प्रशिक्षक, मोठमोठ्याने गाणी, डोळे मिटून स्वतःला माफ करणं, असं बरंच काही होतं. निम्मं मला पटलं नाही. एक गोष्ट मात्र उचलली. ज्याचं काही चुकलं आहे त्याने सगळ्यांसमोर बसून ते कबूल करायचं, सगळ्यांनी त्याला साथ द्यायची. मी परत आले, हॉलमधली एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची मधोमध ठेवली आणि तिचं नाव ठेवलं, खरं बोलायची खुर्ची.

नियम सोपा. जिचं वजन दोन आठवडे वाढलं ती त्या खुर्चीत बसणार. बाकीच्या तिच्याभोवती गोल करून उभ्या राहणार. कुणी रागावायचं नाही, टोमणा मारायचा नाही. शांतपणे वाट पाहायची. तिने काय खाल्लं ते सांगितलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, जवळ घ्यायचं. पहिल्यांदा बसल्या त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, शाळेत वाटायला आणलेले बुंदीचे लाडू मी कपाटामागे उभी राहून खाल्ले, सात. आणि ढसाढसा रडल्या. टाळ्या अशा वाजल्या की बाहेरचा चौकीदार डोकावून गेला. पुढच्या तीन महिन्यांत मुख्याध्यापिका पाच किलो उतरल्या. मग काय, खुर्चीची कीर्ती पसरली. तिरोड्याहून, आमगावहून बायका येऊ लागल्या. मी स्वतःवर खूश होते, फार खूश होते. आता ते आठवलं तरी कानशिलं तापतात.

प्रमिला आली ती याच बहरात. नाव बदललेलं आहे, पण गोष्ट तिला विचारूनच लिहिते आहे. वय बेचाळीस. नवरा राईस मिलमध्ये मशीनवर. ती घरी डबे करायची. कॉलेजची मुलं, बँकेतले एकटे राहणारे बाबू, असे तीस-बत्तीस डबे रोज. बोलायला कमी, कामाला वाघ. गुडघे सुजले म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. “तुमी सांगसान तसं करीन जी बाई,” एवढंच ती पहिल्या दिवशी बोलली, आणि तसंच केलं. तिची आहाराची वही मी इतरांना दाखवायचे. सकाळी अर्धी वाटी पोहे, दुपारी एक पोळी, भाजी, वाटीभर भात. अक्षर शाळकरी, पण एक दिवस सुटलेला नाही. दोन महिन्यांत चौऱ्याऐंशीची ऐंशी झाली. मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं.

तिसऱ्या महिन्यात काटा उलटा फिरला. आधी अर्धा किलो, मग एक, मग आणखी. वही तशीच्या तशी. एक पोळी, वाटीभर भात.

माझा धंदाच असा की बाईचं म्हणणं एका कानाने ऐकायचं आणि नजर काट्यावर ठेवायची. त्यामुळे त्या दिवसांत तिने मला जे जे सांगितलं ते मी ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही. एकदा ती हात पुढे करून म्हणाली, “बाई, बांगड्या ढिल्या होऊन राहिल्या माया.” मी म्हणाले, “प्रमिलाताई, वजन बांगड्यांवर नाही, काट्यावर मोजतात.” सगळ्या हसल्या. तीही हसली. दुसऱ्या एका रविवारी तिने वहीत लिहून आणलं होतं: दोन घास खाल्ले की पोट भरून येतं. त्या ओळीखाली मी लाल शाईने लिहिलं, ‘शाब्बास!’ ती वही नंतर मी परत मागून घेतली. ते ‘शाब्बास’ माझ्याच हातचं आहे, उद्गारचिन्हासकट.

चेहरा उतरलेला, दंड बारीक झालेले, आणि पोट मात्र पुढे. मला दिसत नव्हतं असं नाही. मी त्याचा अर्थ लावला: बाई रात्रीची खाते, चरबी पोटावर बसते. डबे करणाऱ्या बाईच्या घरात खाण्याला काय तोटा? उरलंसुरलं कुठे जात असणार? सगळं अगदी बरोबर जुळत होतं.

तिला खुर्चीत बसवलं.

पहिल्या रविवारी ती म्हणाली, “नाई जी बाई. वहीत लिवलं तेवढंच खाल्लं.” आम्ही थांबलो, ती गप्प. वेळ संपली. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी किरणभाभीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खरोखर मायेने म्हणाली, “बोल दे बहन, हल्का लगेगा. मैंने भी बोला था.” प्रमिलाने मान हलवली. मी वर्गाला सांगितलं, कुणी घाई करू नका, मनाचं दार आतून उघडतं. हे वाक्य मी शिबिरातून आणलं होतं. किती वेळा वापरलं असेल, देव जाणे.

चौथ्या रविवारी ती स्वतःहून खुर्चीत जाऊन बसली. आम्ही बावीस जणी भोवती. तिने पदर दोन्ही हातांनी धरला, जमिनीकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाली, “खाल्लं जी. डब्यातलं उरलेलं खाल्लं. चिवडा बी खाल्ला. सगळे निजल्यावर.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी तिला मिठ्या मारल्या. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, आजपासून तुमचं वजन उतरणार. ती रडत होती. कबुली दिली की बायका रडतातच, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही.

पुढच्या चार महिन्यांत वजन शहाऐंशीवर गेलं. कबुली मिळालेली होती, म्हणून पुन्हा खुर्चीत न बसवता मी तिला पोटाचे व्यायाम वाढवून दिले.

तो रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. सतरंजीवर पाठीवर झोपून दोन्ही पाय सरळ वर उचलायचे, दहापर्यंत मोजायचं. मी सहा म्हणाले आणि प्रमिला ओरडली. तशी ओरड मी शाळेच्या मैदानावर हाडं मोडलेल्या मुलींचीही ऐकली नव्हती. ती कुशीवर वळली, उलटी झाली, चेहरा राखेसारखा पडला. हातपाय गार. मला वाटलं, गेली. किरणभाभीची गाडी दाराशी होती. आम्ही दोघींनी तिला मागच्या सीटवर आडवी घातली आणि दवाखान्यात नेलं. भाभी गाडी चालवताना सगळ्या देवांची नावं घेत होती, आणि मी प्रमिलाचा हात धरून एकच बोलत होते, “श्वास घ्या, श्वास घ्या.” दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने पोटाला हात लावला आणि झटकन माझ्याकडे पाहिलं. “पोट किती दिवसांपासून वाढतंय?”

“पाच-सहा महिने. पण डॉक्टर, त्या रात्रीच्या खातात. त्यांनी स्वतः कबूल केलंय.”

हे मी बोलले. बाई तिथे पिळवटून पडली होती आणि मी हे बोलले.

डॉक्टर प्रमिलाला सोनोग्राफीला घेऊन गेली. थोड्या वेळाने मला आत बोलावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मला त्यातलं काय कळणार? काळंच काळं दिसत होतं. ती म्हणाली, “हे सगळं काळं दिसतंय ना, ही बीजकोशाची गाठ आहे. पाण्याने भरलेली. पोटभर आहे. तिला आता पीळ पडलाय. आज ऑपरेशन केलं नाही तर वाचणार नाहीत.” आणि पुढे, “यात खाण्याचा काही संबंध नाही, मॅडम.”

 भिंतीला टेकून मी खाली फरशीवरच बसले. एक नर्स पाणी घेऊन आली, तिला वाटलं मी पेशंटची बहीण.

नवरा मिलमधून धावत आला. केसांत, भुवयांवर धानाच्या कोंड्याची धूळ तशीच. त्याने एकच विचारलं, “सही कुठं कराची?” संध्याकाळी ऑपरेशन झालं. गाठ आठ किलोच्या आसपास भरली. तो आकडा ऐकला आणि सवयीने माझं डोकं हिशेबाला लागलं, एकवीस वर्षांची खोड. शहाऐंशीतून आठ गेले, अठ्ठ्याहत्तर. म्हणजे फळ्यावर नाव लिहिलं होतं तेव्हापेक्षाही ती दोन किलोंनी उतरली होती. माझ्या वर्गात इतकं चोख पथ्य पाळणारी दुसरी बाई झाली नाही, आणि तिलाच मी चार रविवार खुर्चीत बसवलं.

डॉक्टर म्हणाली, चार महिने आधी आल्या असत्या तर लहान ऑपरेशनात भागलं असतं, बीजकोशही कदाचित वाचला असता. आता तो काढावा लागला, रक्त द्यावं लागलं, आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता. कॅन्सर आहे की नाही ते पंधरा दिवसांनी कळणार होतं. त्या पंधरा दिवसांत मी वर्ग घेतला नाही. दवाखान्यात जायचे, दाराबाहेर बाकावर बसायचे, नवरा आला की उठायचे. आत जायची हिंमत दोनदाच झाली, दोन्ही वेळा ती झोपलेली होती.

रिपोर्ट चांगला आला, गाठ साधी होती. नवऱ्याने मला फोन करून सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. गॅस बंद केला आणि मोठ्याने रडले. चार महिने तिचे मी घेतले होते. रिपोर्ट उलटा आला असता तर ते कुठून परत देणार होते?

वर्ग पुन्हा भरला तेव्हा मी सगळ्यांना घडलेलं सांगितलं. माझं चुकलं, असंही सांगितलं.  मग किरणभाभी म्हणाली, “पर मॅडम, उसने तो खुद कबूल किया था ना? चिवड़ा खाया बोली थी. हम सबने सुना.”

मला पुन्हा धक्का बसला. खरंच की. खाण्याचा संबंध नव्हता तर चिवडा कुठून आला? बावीस जणींनी ऐकलेली कबुली खोटी कशी? बाईने न खाल्लेलं खाल्लं म्हणून का सांगावं? आजवर मी खाऊन ‘नाही’ म्हणणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. न खाता ‘हो’ म्हणणारी बाई माझ्या हिशेबातच नव्हती.

म्हणून मी दरेकशाला गेले. प्रमिलाची सासू तिथे राहायची. जखम भरेपर्यंत प्रमिलाला तिच्याकडे ठेवलं होतं. पॅसेंजरने सालेकसा ओलांडलं की डोंगर जवळ येतात, जंगल लागतं. लहानसं स्टेशन, तिथून पायी. वाटभर मी बोलायचं ते घोकत होते. एवढी वर्षं मनाचा तास घेणारी मी, माफी कशी मागायची ते मला ठरवावं लागत होतं.

प्रमिला अंगणात उन्हाला बाजेवर बसली होती. मला पाहून उठायला लागली, मी धावत जाऊन बसवलं. बाजूला सासू सुपात लाखोरीच्या कोवळ्या पानांची भाजी निवडत होती. सत्तरीची, हाडकुळी, डोळे मात्र टक्क. तिने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “याच का तुया बाई?” म्हणाली आणि पुन्हा सुपात मान घातली.

मी घोकलेलं सगळं विसरले. “प्रमिलाताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. माझं फार चुकलं,” एवढंच बोलता आलं.

“असं कायले म्हनता जी बाई,” ती ओशाळून म्हणाली. “तुमीच त दवाखान्यात नेलं.”

मी विचारलं, “मग तुम्ही चिवडा खाल्ला असं का सांगितलंत?”

तिने बाजेच्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं. “पहिले त खोटंच बोलली मी. तीन इतवार बसवलं तुमी. सगळ्या जनी उभ्या राहत, घरी लेकरं-बाळं सोडून. माया एकटीसाठी त्यायचा टाइम जाऊन राहिला होता. मले वाटलं, सांगून टाकावं. त्यायले बी जाता येईन, मले बी उठता येईन.”

 मला वाटायचं, मी तिथे बाईला मोकळं करते. आणि ती आमच्यावर दया करून आम्हाला मोकळं करत होती.

“पन टाळ्या वाजल्या न बाई,” ती पुढे म्हणाली, “मंग घरी जाऊन मले वाटाले लागलं, खरंच खात असन मी. झोपेत उठून. नाई त वजन कसं वाढन? तुमचा काटा खोटा थोडीच राहते. वही बी तपासली मी. मले दिवसाचं सगळं याद होतं. मंग रातीचंच असन.”

तिने काय केलं ते तिने सांगितलं तसं लिहिते. सासूला गोंदियाला बोलावून घेतलं. रोज झोपण्यापूर्वी स्वयंपाकघराला कुलूप लावलं, किल्ली सासूच्या कमरेला दिली आणि सासूला त्या दाराला आडवी झोपवली. सांगितलं, मी झोपेत आली तर मारा मले, पण आत जाऊ देऊ नका. चार महिने. पोट दुखायचं तेव्हा तिला वाटायचं, कुठून तरी खाल्लंच असेल, त्याची शिक्षा. डॉक्टरकडे जायची लाज वाटायची. डॉक्टर विचारतील काय खाल्लं, आणि आपल्याला ते आठवणार नाही.

  मी लोकांना धीर द्यायचं काम करते, आणि माझ्या हातून एका शहाण्या, प्रामाणिक बाईचा स्वतःवरचा विश्वास इतका मोडला होता की ती स्वतःच्या घरात स्वतःवर पहारा बसवून झोपत होती. ती लाल खुर्ची मी ऑपरेशनच्याच आठवड्यात हॉलमधून काढून टाकली होती. आता कुणी बांगड्या सैल झाल्या म्हणालं तर आधी तपासणीला पाठवते, मग पुढचं बोलते. पण हे प्रमिलाला सांगून काय उपयोग होता?

तिनेच माझा हात धरला. आवाज अगदी खाली आणून, चोरून काही विचारावं तसं विचारलं, “बाई, एक खरं सांगसान? मी खात नव्हती ना?”

गाठ काढून झाली होती, टाके पडले होते, रिपोर्ट घरात होता. तरी तिला ते माझ्या तोंडून हवं होतं.

“नव्हत्या खात, प्रमिलाताई,” मी म्हणाले. “एकही दिवस नव्हत्या खात. वहीत लिहिलं होतं तेवढंच खाल्लंत तुम्ही.”

तिने डोळे मिटले.  मग डोळे पुसून सासूकडे वळली आणि लहान मुलीने शाळेतून येऊन सांगावं तशी मोठ्याने म्हणाली, “आई, ऐकून राहिल्या का जी? बाई म्हनते, मी खात नव्हती.”

म्हातारीने सुपातून मान वर केली नाही. “मी त रोज सकाळी सांगो, राती तू उठली नाही म्हनून,” ती म्हणाली. “तवा तू म्हने, तुमचा डोळा लागला असन, बाईचंच खरं.”